मग्ग्याखालचा नंबर

१९ जुलै, शनिवार
साखर १७२. पाऊस, फिरणं नाही.

नामाशेठचा फोन पावणेसातला. आमच्या नेरूळच्या मंडळाचा अध्यक्ष. गावठाणातला जुना माणूस, मनाने वाईट नाही, पण आपल्याला झोप नाही म्हणजे जगाला नाही असं समजतो. चौकातलं शहीद स्मारक पंधरा ऑगस्टच्या आत पुरं करायचं म्हणून दुपारी मीटिंग. गेलो. अकरा जण. मोजल्याशिवाय मला बसता येत नाही, सव्वीस वर्षांची खोड आहे.

काळा ग्रॅनाइट, चार नावं, वर तिरंगा, खाली मंडळाचं नाव. मंडळाचं नाव शहिदांच्या नावांपेक्षा मोठं. तसं बोललो. नामाशेठ म्हणाला, "हवालदार, लोकांना कलाया नको काय, कोनी बांधला त्यो?"

चारांत उत्तमचं नाव आहे. पलटणीतला, माझ्याच सेक्शनचा. त्याच्यामागे त्याची बायको विमलवहिनी आणि मुलगा मिलिंद परभणीकडून इकडे आले, दहा वर्षं नेरूळला भाड्याने राहिले, आता द्रोणागिरीला असतात. म्हणून नाव आपल्याकडे.

वाचनालयात काचेचं कपाटही करणार. शहिदांच्या वस्तू ठेवायला. "लोकांना बगाया कायतरी पायजे. बूट, टोपी, कायपन चालंल." उत्तमचं काही आहे का म्हणून मला विचारलं. वहिनींकडे एक मग्गा आहे, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. गप्प बसता आलं असतं.

२२ जुलै, मंगळवार
गुडघा. दिवसभर घरी.

शोभाने कपाट आवरायला काढलं. आठ शाली निघाल्या. दर पंधरा ऑगस्टला एक, माजी सैनिक म्हणून. अकरांपैकी तिनांचे तिने कधीच उशांचे अभ्रे शिवलेत. म्हणाली, "यंदा बारावी. ह्या वेळी रंग तरी निळा सांगा, पडद्याला होईल." हसलो. तळोज्याची नोकरी सुटून दोन वर्षं झाली, घरात हसणं एवढंच.

मिलिंदचा मेसेज. "जय भीम काका. मग्गा द्यायला आई तयार आहे. साफ करून आणतो."

साफ कशाला करतो म्हणावं. लिहिलं नाही तसं. नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

२४ जुलै, गुरुवार
मिलिंदचा फोन. जसा आठवतो तसा लिहितो.

"काका, मग्गा पितांबरीने घासला. खालचा पांढरा रंग निघाला. आतून नंबर आलाय, खिळ्याने ठोकलेला. चव्वेचाळीस सतरा."

मी खुर्ची ओढून बसलो.

"बाबांचा नंबर तेवीस शून्य सहाने संपतो. पेन्शनच्या कागदावर बघितला. मॅच होत नाय."

हा मुलगा कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहे. दिवसभर सीलचे नंबर कागदाशी ताडून बघतो. एक आकडा चुकला तर कंटेनर परत, असं तो कौतुकाने सांगायचा. मीही कौतुकाने ऐकायचो.

म्हणालो, बघतो. त्याने विचारलं, काय बघता. म्हणालो, आठवून बघतो.

आठवायचं काय त्यात. ४४१७ माझा नंबर आहे.

२५ जुलै, शुक्रवार
शोभा भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहून काढतो. कधी लिहिलं नव्हतं.

पोस्टवर बंकरवर गोळा पडला. आग लागली. उत्तम आत, त्याचं सगळं सामान आत. आग विझल्यावर मी मोजणी केली. दहाचं सेक्शन, नऊ भरले. जे मिळालं ते ब्लँकेटमध्ये घेतलं. मी आणि सेक्शनमधल्या बाळूने. ब्लँकेट अर्धंही भरलं नाही.

खाली तळावर सुभेदारसाहेबांनी उत्तमची ट्रंक मागवली. जवान गेला की त्याचं सामान यादी करून घरी जातं. ट्रंक रिकामी. सामान तर वर जळालेलं. म्हातारा सुभेदार म्हणाला, "रिकामी ट्रंक बाईच्या हातात द्यायची नाही. घाला रे कुणी काही." कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. बाळूने मफलर घातला. एकाने कंगवा, आरसा. एकाने दाढीचा डबा. साहेबांनी स्वतःचा स्वेटर. मी मग्गा. प्रत्येक वस्तूवर ज्याचा त्याचा नंबर असतो, तशी शिस्तच आहे, नाहीतर पलटणीत काही राहत नाही. सगळ्यांनी आपापले नंबर खरवडले. माझा इनॅमलचा मग्गा, ठोकलेला नंबर निघेना. खालून पांढरा रंग फासला. तेवढं काम मी आळसाने केलं.

शवपेटी बंद करून मलाच बरोबर पाठवलं. घरच्यांशी नीट बोलणारा पाहिजे म्हणून. पेटी फार हलकी लागत होती, तेव्हा मी, बाळू आणि आणखी एकाने आत वाळूच्या पिशव्या घातल्या. उचलणाऱ्यांना कळू नये म्हणून.

गावात वहिनी म्हणाल्या, एकदा तोंड दाखवा. बावीस वर्षांची पोर. मी म्हणालो, उघडायची परवानगी नाही वहिनी, पण मी पाहिलंय, चेहरा शांत होता, झोपल्यासारखा. मिलिंद तीन वर्षांचा, त्याच्या हाताने अग्नी दिला.

शोभा आली.

२७ जुलै, रविवार
सकाळी वहिनींचा स्वतःचा फोन. त्या कधी फोन करत नाहीत.

"भावजी, मिलिंद म्हनायलाय की मग्गा दुसऱ्या कुनाचा हाय."

म्हटलं, हो, बोलला मला.

"तुमी चेहरा बघितला होता न त्यायचा?"

सव्वीस वर्षं हे वाक्य पाठ आहे. दर वर्षी उत्तमच्या दिवशी त्यांच्याकडे चहा पितो, दर वर्षी त्या विचारतात, दर वर्षी मी म्हणतो, शांत होता. आज जीभ वळली नाही. म्हणालो, "बर्फ होतं वहिनी... घाई होती... म्हणजे हो."

 मग, "म्हंजे नक्की नाई."

मी म्हणालो, तसं नाही. तोवर फोन ठेवला होता.

एका दमात खोटं बोललो असतो तर विषय मिटला असता. खरं बोललो असतो तरी निदान सरळ काही झालं असतं. मी दोन्हीच्या मधलं बोललो. अशा माणसाला लोक दर वर्षी शाल देतात.

२९ जुलै, मंगळवार
मिलिंद संध्याकाळी ड्यूटी संपवून थेट घरी आला. उभ्यानेच बोलला. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय, चव्वेचाळीस सतरा हा त्या वेळी त्या पलटणीत कोण.

"सिंपल आहे काका. ट्रंक चव्वेचाळीस सतराची, तर शवपेटीतपण चव्वेचाळीस सतरा. माल अदलाबदल झाला. एवढ्या गडबडीत होतो ना. मग बाबा कुठे? पलीकडे पकडले गेले असतील. अशा केसेस आहेत, मी वाचल्यात."

त्याच्या हिशेबाने पेटीत मी होतो. मला जाळून ते सव्वीस वर्षं माझाच दिवस पाळतायत. आणि मी समोर पोहे घेऊन बसलोय. शोभाने आणून दिले होते, हातात बशी होती.

"आईला बोललो टेन्शन घेऊ नको, पण ती घेतेय."

दारात वळून म्हणाला, "तुमी चव्वेचाळीस सतराला ओळखत असणार ना? सेक्शन दहा लोकांचं."

म्हणालो, पलटण मोठी असते.

मुलगा गेला. बशी घासायला टाकली तर शोभा म्हणाली, तुम्ही एक घासही खाल्ला नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
बाळूला फोन लावला. कराडजवळ असतो, दूध डेअरीवर. आमच्या दहांत आता आम्ही दोघेच. बाकीचे कुणी आजाराने, कुणी दारूने. त्यांच्यासाठी दगड नाही, आणि मागणारंही कुणी नाही.

सगळं सांगितलं. बाळू म्हणाला, "लेका, सरळ सांग की, बघितला चेहरा. एक वाक्य. इषय संपला. पोरगं कागद टाकंल, कागदाला उत्तर येईस्तोवर म्हातारा होईल."

म्हटलं, आणि उत्तर आलं तर माझं नाव येईल.

"यिऊंदे. मग्गा मिसळला म्हनायचं. मिसळत न्हाईत व्हय?" मग म्हणाला, "माझा मफलर हाय का रं अजून तिच्याकडं?"

आहे म्हणालो. थंडीत घालतात. दुधाची गाडी आली म्हणून त्याने फोन ठेवला.

४ ऑगस्ट, सोमवार
द्रोणागिरीला गेलो. बाळूचं वाक्य घेऊन. रस्ताभर ट्रेलर, तासभर एका जागी. बसमध्ये चौदा माणसं.

मिलिंद कामावर. वहिनी एकट्या. त्यांच्या घरात बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली उत्तमचा, वर्दीतला. पुढे लाकडी फळीवर मग्गा आणि मेणबत्ती असते. सव्वीस वर्षं हीच मांडणी, घर कुठलंही असो. आज फोटोवरचा चंदनाचा हार नव्हता. मेणबत्तीही नव्हती.

मी बघतोय हे त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "आशा नाई भावजी. मी काय येडी नाई. पर हात वर जात नाई हार घालायला."

चहा दिला. कपात.

"तुमच्या त्या शेठला सांगा, दगडावर त्यायचं नाव आत्ता नको. मानूस कुठं असंल तर जित्तेपनी नाव कोरनं चांगलं नाई."

वाक्य तोंडात होतं. त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. एका मनगटात काचेच्या दोन बांगड्या, नव्या. दुसरं मनगट मोकळं. अर्ध्यावर थांबल्यासारख्या.

सांगतो शेठला, म्हणालो आणि निघालो. माझ्यासारखा भ्याड माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि मी गोळीबारात माणसं पळताना पाहिली आहेत.

६ ऑगस्ट, बुधवार
शोभाला सांगितलं. पोळ्या करत होती. गॅस बंद केला आणि सगळं ऐकलं. वाळूच्या पिशव्यांपाशी आलो तेव्हा तिने डोळे मिटले.

रडेल असं वाटलं होतं. चिडली. "सव्वीस वर्षं ती बाई तुमच्या मग्ग्यापुढे मेणबत्ती लावते आणि तुम्ही शेजारी बसून चहा पिता. काही वाटलं नाही कधी?"

वाटायचं. दर वर्षी वाटायचं. पण हेही वाटायचं की उत्तमच्या फोटोपुढे माझी वस्तू आहे, म्हणजे मी अजून त्याच्या ड्यूटीवर आहे. हे तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नाही, इथेच बरं.

तिला बाळूचा सल्ला सांगितला. म्हणाली, "खोट्यावर खोटं किती चढवणार? ती बाई बांगड्या भरायला लागलीय हो."  जेवताना ताट पुढे सरकवलं तेवढंच.

८ ऑगस्ट, शुक्रवार
चौकात जाऊन आलो. तीन नावं कोरून झाली. चौथ्या जागी खडूने रेघा मारून ठेवल्यात.

नामाशेठला सांगितलं, घरच्यांची हरकत आहे, थांबा. का म्हणून विचारलं. काही कागदपत्रांचं आहे, म्हणालो. तो वैतागला. "फोटूत खाली जागा दिसंल ना हवालदार. आपुन कोरून टाकू. चुकला तं लांबी भरू, पॉलिश मारू, कोनाला कलत नाय."

माणसाचं नाव लांबीचा लगदा भरून बुजवायचं. त्याला मी काय बोलणार, रंग फासून नंबर बुजवणारा.

१० ऑगस्ट, रविवार
परत द्रोणागिरी. शोभा म्हणाली मी येते. नको म्हणालो. पलटणीतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक खिशात घेतलं. तरीसुद्धा बसमध्ये ठरवलं, आधी बाळूचं वाक्य टाकून बघू. माणूस किती चिवट असतो.

दोघेही घरी. मी बसल्या बसल्या म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी गडबडलो. चेहरा मी बघितला होता. उत्तमच होता."

वहिनींनी मान खाली घातली. मिलिंद समोर येऊन बसला. आवाज चढवला नाही.

"चेहऱ्यावर जखम?"
नव्हती.
"भाजलेलं?"
नाही. शांत होता.
"मग पेटी का उघडू दिली नाय आईला?"
परवानगी नव्हती.
"कोणाची परवानगी? चेहरा चांगला असला तर दाखवतात ना काका. मी चौकशी केलीय."

गेट पास तपासतात तसा तपासत होता. त्याची चूक नाही. मी डिस्चार्ज बुक काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. शेवटचे चार दोनदा वाचले. मग उठून फळीवरचा मग्गा आणला, पालथा केला, पुस्तकाशेजारी धरला.

"तुमचा?"

माझा, म्हणालो. आणि ट्रंकेची गोष्ट सांगितली. सुभेदारसाहेब, रिकामी ट्रंक, कुणी काय घातलं.

वहिनी उठून आत गेल्या. ट्रंक ओढत आणली. तीच, हिरवी, कडी बदललेली. एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवत गेल्या.

"स्वेटर?"
सुभेदारसाहेबांचा.
"मला वाटायचं, बाहेर खाऊन अंगानं भरले असतील. मफलर?"
बाळूचा.
"कंगवा?"
नाव सांगितलं. आरसा, त्याचाच. दाढीचा डबा, नाव सांगितलं. तो डबा मिलिंदने पहिल्या दाढीला वापरलेला, हे मला माहीत होतं. मिलिंद डब्याकडे बघत नव्हता.

ट्रंक रिकामी झाली. वहिनी आत वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "मंग यात त्यायचं काय हाय?"

काही नाही, म्हणालो.

शवपेटीचं विचारलं. सांगितलं. ते पुन्हा लिहीत नाही.

मिलिंदने डिस्चार्ज बुक मिटून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, "म्हणजे तुमी चेहरा बघितलाच नाय. कोणीच नाय बघितला. मग बाबा आहेत हे कसं ठरवलं?"

मोजून, म्हणालो. दहात एक कमी होता.

"म्हणजे नक्की नाय."
नक्की आहे, म्हणालो.
"कशावरून?"

उत्तर होतं, पण त्याला दाखवता येईल असं काही हातात नव्हतं. खरं बोलून त्यांची आशा संपवायला गेलो होतो. तीच मी त्या पोराच्या हातात आणखी पक्की करून दिली.

निघताना वहिनी म्हणाल्या, थांबा. आत स्टोव्हचा आवाज. चहा करून आणला आणि माझ्या मग्ग्यात ओतून माझ्यापुढे ठेवला. "तुमचा हाय न. प्या." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. प्यालो. कड गंजली आहे, लोखंडाची चव येते. त्या समोर बसून राहिल्या, शेवटचा घोट होईपर्यंत. मग मग्गा विसळला, पुसला, पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

१२ ऑगस्ट, मंगळवार
साखर २१०.

तिकडून फोन नाही. अर्ज मागे घेतलाय का, माहीत नाही. विचारायला तोंड नाही.

मग्ग्याचं काय करायचं, शोभाला कळत नाही. भांड्यांत ठेवला नाही, देव्हाऱ्यात ठेवणं शक्य नाही. फ्रिजवर आहे. येता जाता दिसतो.

बाळूला कळवलं. म्हणाला, "आता काय म्हनली ती?" म्हटलं, चहा दिला. बाळू म्हणाला, शिव्या घातल्या असत्या तर सुटला असतास.

१४ ऑगस्ट, गुरुवार
नामाशेठने चौथ्या जागेवर झेंडूचा मोठा हार टाकायचं ठरवलंय. फोटोत मोकळी जागा दिसू नये म्हणून. कोरणारा कारागीर सोमवारी मशीन घ्यायला येणार. तोपर्यंत हो का नाही सांगा, नंतर तो गुजरातला जातोय म्हणे. "तुमीच सांगा हवालदार, तुमचा मानूस हाय."

माझा माणूस आहे, हे खरं आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
आठला झेंडा. पाऊस थांबला होता, चौकात पाणी. स्टेजवर सात खुर्च्या. माजी सैनिक तीन, बाकी ज्यांना बसायला आवडतं ते.

बारावी शाल. भगवी.

पाहुण्यांनी भाषण केलं. त्यांच्या बलिदानामुळे आपण शांत झोपतो वगैरे. माणसं दर वर्षी झोपेचंच का बोलतात कळत नाही. मग निवेदकाने चार नावं वाचली. त्याच्या कागदावर चारच होती, कुणी सांगितलंच नसणार. उत्तमचं नाव वाचलं. लोक ओरडले, अमर रहे. माझा हात सवयीने वर गेला, अर्ध्यातून खाली घेतला.

तेव्हा वहिनी दिसल्या. मागे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर. पांढरी साडी, पंधरा ऑगस्टला नेसतात ती. दोन्ही मनगटं मोकळी. मिलिंद शेजारी, हात बांधून. वीरपत्नीची खुर्ची पुढे रिकामी होती, नामाशेठने दोनदा पुकारलं. त्या हलल्या नाहीत. मी उतरून जायला हवं होतं. गुडघ्याचं निमित्त करून बसून राहिलो.

जिलेबी वाटली. उतरलो तोवर ते निघून गेले होते.

१७ ऑगस्ट, रविवार
दुपारी चारला दारावर वहिनी. एकट्या. शोभा पाणी आणायला गेली तर म्हणाल्या, "बसत नाई. भावजी, चला न जरा त्या दगडापाशी."

चालत गेलो. दोन्ही बाजूंनी रिक्षा, वहिनी रस्त्याच्या कडेने पुढे, मी मागे. झेंडूचा हार सुकून खाली घसरला होता. चौथी जागा मोकळी, खडूच्या रेघा पावसाने गेलेल्या. त्यांनी हाताने दगड पुसला. ओल्या दगडात त्यांचा चेहरा दिसत होता, मागे माझा.

"तुमी म्हनले दहात एक कमी. म्हंजे ते आत होते, हे तुमाला ठाऊक होतं."

हो. आतच गेला होता. चहा आणतो म्हणाला.

"जाताना पाह्यलं तुमी त्यायला? आत जाताना?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. शेवटचं. उभ्या रस्त्यावर, कुणी तपासणारं नव्हतं, मिलिंद नव्हता. पण सव्वीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर मी आधी पाठ करून ठेवलं नव्हतं.

आवाज ऐकला, म्हणालो. माझी पाठ तिकडे होती.

"पाह्यलं का?"

नाही.

त्यांनी ओला हात पदराला पुसला. एक माणूस स्कूटर लावून दगडाचा फोटो काढून गेला. मग म्हणाल्या, "मिलिंदचा अर्ज ऱ्हाऊ द्या. त्याला कागदातून काय मिळायचं ते मिळंल. माझं येगळं हाय. तुमी म्हनले चेहरा शांत होता, मी हार घातला. सव्वीस वर्सं तुमच्याच शब्दावर घातला भावजी, सरकारच्या नाई. आता बी तुमच्या शब्दावरच घालीन. नाव कोरायचं का नाई, तुमी सांगा. फकस्त खरं वाटंल तेच सांगा."

बस स्टॉपपर्यंत सोडलं.  चढताना म्हणाल्या, शोभाताईला सांगा, पानी राह्यलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
साखर बघितली नाही.

उत्तम मेला. मला माहीत आहे. दोन ढांगांवर बंकरचं तोंड, "चहा आणतो", आणि तेवढ्यात गोळा. दुसरीकडे कुठे जाणार होता तो. नऊ वेळा विचार केला तरी नऊ वेळा हेच येतं. आणि मग माझी पाठ आठवते. त्या पाठीमागे काय झालं ते मी पाहिलेलं नाही, आणि त्या बाईने तिचा उरलेला जन्म त्याच जागेवर आणून ठेवलाय.

दहाला चौकात गेलो. कारागीर आलेला, मशीनची वायर पानाच्या टपरीतून घेतली होती. तरुण माणूस, राजस्थानकडचा, कपाळाला रुमाल. "बोलो साब, क्या करना है? नाम डालूं?"

नाव कागदावर लिहून खिशात होतं. उत्तमचं, हुद्द्यासकट, माझ्या अक्षरात. हात खिशात गेला.

त्याला म्हणालो, आधी चहा पिऊन ये.

तो मशीन ठेवून टपरीकडे गेला. मी दगडापाशी उभा राहिलो. मग घरी चालत आलो. फ्रिजवरून मग्गा काढून पुढ्यात घेऊन बसलोय. कागद अजून खिशातच आहे. सव्वा अकरा झाले. तो चहा पिऊन कधीच परत आला असेल.